एकाच माणसाचे दोन गुडघे: मिरज-सांगलीच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
मिरज आणि सांगलीतले सगळे सर्जन, हाडांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि हॉस्पिटल चालवणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या जावेचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, पोटाला चार बारकी भोकं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. मी डिस्चार्ज कार्ड हातात घेतलं आणि पहिल्यांदा गोळ्यांची नावंच वाचली, कारण आता ती मला सवयच लागलीय. तिसऱ्या नंबरला तीच दुखण्याची गोळी. ट्रामाडॉल साडेसदतीस आणि पॅरासिटामॉल तीनशे पंचवीस, सकाळ दुपार रात्र, आणि पुढे किती दिवस ती जागा कोरी. हॉस्पिटल तेच, जिथं माझ्या वडिलांचा पहिला गुडघा बदलला होता. त्या वेळी आमच्या घरात काय झालं ते मी तिथं लेखी कळवलं होतं, कार्डाची झेरॉक्स जोडून. उत्तर आलं नाही आणि कार्डही बदललं नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय.

हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही. एका हॉस्पिटलची गोष्ट असती तर मी तिथंच जाऊन बसले असते, पण मी नंतर ओळखीपाळखीतल्या कितीतरी जणांची कार्डं मागून बघितली, मिरजेची, सांगलीची, इस्लामपूरची, आणि बहुतेकांवर तोच प्रकार आहे.

आधी आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे वडील, आता सत्तरीला आले. तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग, आयुष्य बागेत उकिडवं बसून गेलं, दोन्ही गुडघे झिजले. माळकरी माणूस, तंबाखूची पुडी कधी खिशात नाही, चहासुद्धा दिवसातून दोनदाच. मे 2023 मध्ये खरड छाटणी उरकली आणि डावा गुडघा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, टाके सुंदर, सांधा सरळ, एक्स-रे बघून दुसऱ्या डॉक्टरांनीही कौतुक केलं.

पण ऑपरेशनच्या रात्री भूल उतरली आणि आबा ओरडायला लागले. नर्स आली, इंजेक्शन दिलं, ट्रामाडॉल. दोन तास गप्प, मग उलट्या. परत दुखणं, परत इंजेक्शन, परत उलट्या. तीन दिवस हेच, फिजिओवाले आले की आबा हात जोडायचे. मग घरी येताना गोळ्या, दहा दिवसांच्या. दहा दिवस संपले, दुखणं होतंच, भाऊ कार्ड घेऊन गावातल्या मेडिकलात गेला आणि त्याने पाकीट दिलं. पुढच्या आठवड्यात परत दिलं. नंतर कार्डसुद्धा न्यावं लागेना, रिकामी पट्टी दाखवली की भरलेली पट्टी मिळायची.

ऑगस्टपर्यंत आबा वेगळेच झाले होते. पोट साफ नाही, जेवण अर्धी भाकरी, दिवसा डुलक्या, रात्री उठून बसायचे आणि माझ्या वारलेल्या चुलत्यांशी बोलायचे, "आगं तो बघ की, तिसऱ्या वळीत उभा हाय." एकदा मोरीत पडले, नशीब नवा गुडघा वाचला. आम्हाला वाटलं वय झालं, ऑपरेशनचा धसका घेतला. मग सप्टेंबरात गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली रिकाम्या पट्ट्या, नीट एकावर एक रचून रबर लावलेल्या, जशी ते बेदाण्याची पावती ठेवतात तशी. मोजल्या, 31 निघाल्या. दिवसाला पाचपर्यंत गेले होते आणि आम्हाला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

भावाने रागाच्या भरात सगळ्या गोळ्या टाकून दिल्या. तिसऱ्या दिवशी आबांना घाम, नाकाला पाणी, जांभयांवर जांभया, जुलाब, पाय नुसते झटकत राहायचे, डोळ्याला डोळा नाही. आम्ही डेंग्यू समजून रक्त तपासलं, सलाईन लावलं. शेवटी गावातले आमचे जुने फॅमिली डॉक्टर, वय पंच्याहत्तर, त्यांनी आबांच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, गोळ्या कुठल्या खात होता? त्यांनी सांगितलं की हा ताप नाही, ही गोळी सुटल्याची लक्षणं आहेत, ही अफूच्या घराण्यातली गोळी आहे, महिनोन्‌महिने घेतली की मेंदू तिच्या हिशोबाने चालायला लागतो आणि ती एकदम काढली की असं होतं. गोळी परत सुरू केली आणि सहा आठवड्यांत हळूहळू कमी करत बंद केली. त्या सहा आठवड्यांत फळ छाटणी होती, बाग भावाने एकट्याने ओढली. गावात मात्र बोललं गेलं, माळकऱ्याला गोळीचा नाद लागला म्हणून. आबा त्या कार्तिकीला पंढरपूरला गेले नाहीत. पाय दुखतोय म्हणाले. पाय दुखत नव्हता.

आता दुसरा गुडघा. आबांनी वर्षभर नाव काढू दिलं नाही, उजवा पाय फरफटत चालायचे. मी विचारत विचारत दुसऱ्या एका हॉस्पिटलात पोचले, मिरजेतच, पहिल्यापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी ऑपरेशनच्या आधी आबांना समोर बसवून वीस मिनिटं दिली. मागे काय झालं ते सगळं ऐकून घेतलं, फाईलवर लाल पेनाने लिहिलं, किडनीचं क्रिएटिनिन बघितलं, अ‍ॅसिडिटी, हार्टचं विचारलं. मग सांगितलं, आबा, दुखणं आल्यावर मारायचं नाही, येण्याआधीच चारी बाजूंनी अडवायचं. कमरेतून भूल, ऑपरेशनआधीच पॅरासिटामॉल, मांडीच्या आतल्या बाजूला सोनोग्राफीत बघून नसेपाशी बधिर करणारं औषध, त्याला अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक म्हणतात, त्याने गुडघ्याचं दुखणं दबतं पण मांडीची ताकद फारशी जात नाही त्यामुळे चालता येतं, शिवाय सर्जन सांध्याभोवती आतूनच बधिर करणारं इंजेक्शन भरतात. नंतर घड्याळ लावून पॅरासिटामॉल, किडनी झेपेल तेवढे दिवस सुजेची गोळी, बर्फ. आणि एवढं करून दुखलंच तर ट्रामाडॉलसारखं औषध, मोजून.

नोव्हेंबर 2024. माणूस तोच, झिजही तेवढीच. ऑपरेशनच्या संध्याकाळी आबा वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी ब्लॉकचा असर उतरला तेव्हा दुखलं, चांगलंच दुखलं, खोटं कशाला सांगू, पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा वेळ येणार, त्यामुळे घाबरले नाहीत. चार दिवसांत मिळून त्या जातीची दोनच इंजेक्शनं लागली. घरी येताना एकही तसली गोळी नाही. आबा मला गाडीत म्हणाले, "पोरी, हे पहिल्याच गुडघ्याला का नाय केलं?"

हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतेय. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, ते तुमच्याकडे आहे.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील की एका केसवरून कशाला बोलता, म्हणून जे मी नंतर वाचलं आणि विचारलं ते लिहिते. हे काही नवीन शास्त्र नाही. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकातच मांडलं की वेगवेगळ्या मार्गांनी दुखणं कमी केलं, पेशंटला लवकर खायला दिलं, लवकर उठवलं तर तो लवकर बरा होतो, आणि अफूच्या जातीची औषधं कमी लागणं हा त्याचा मोठा भाग. ईरास म्हणून जे तुम्ही कॉन्फरन्समध्ये ऐकता ते हेच. अमेरिकेत 2017 साली मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या 36 हजारांवर लोकांचा अभ्यास छापला, आधी ही औषधं न घेणारे लोक, त्यातले जवळपास 6 टक्के तीन महिन्यांनंतरही ती घेतच होते, आणि ऑपरेशन लहान असो की मोठं, आकडा जवळजवळ सारखाच. ज्यांचं ऑपरेशनच झालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली होतं. म्हणजे दुखणं किती मोठं यापेक्षा गोळी सुरू झाली आणि थांबवायला कोणी नव्हतं, हीच गोष्ट जास्त घात करते असं मला त्यातून समजलं. आपल्याकडे तेवढी स्ट्राँग औषधं घरी देत नाहीत हे मला माहीत आहे, आपली गोळी ट्रामाडॉल, म्हणून सगळे तिला साधी समजतात. साधी असती तर केंद्र सरकारने एप्रिल 2018 मध्ये ती एनडीपीएस, म्हणजे नशेच्या औषधांवरच्या कायद्याखाली आणली नसती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि सगळ्यात मोठी. दुखण्याचा प्लॅन कोणी सांगत नाही. इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, कितीचं, हे आम्हाला सांगितलं जातं, 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे, आम्ही पण ते विचारायला शिकलो. पण पहिल्या रात्री दुखलं तर काय देणार, दुसरा काय पर्याय आहे, याबद्दल पहिल्या वेळी आमच्याशी एक माणूस बोलला नाही. भूलतज्ज्ञ तर आम्हाला थिएटरच्या दारात दिसले, सही घेताना. ज्यांना दुखण्याची सगळ्यात जास्त माहिती तेच पेशंटला सगळ्यात कमी वेळ भेटतात, ही व्यवस्था कोणी ठरवली?

दुसरी. गोळी सगळ्यांना एकच. सत्तर वर्षांच्या माणसाला आणि तिशीतल्या पोराला तेवढीच, किडनी अर्धी असो की पूर्ण. ट्रामाडॉल लिव्हरमध्ये बदलल्यावर जास्त काम करतं आणि ते बदलणं प्रत्येकाच्या अंगात कमीजास्त होतं, त्यामुळे काहींना काहीच फरक पडत नाही आणि काहींना त्याच डोसात झापड येते. डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असतील तर धोका वेगळा, फिट येणाऱ्याला वेगळा. हे तुम्हाला माझ्यापेक्षा शंभर पटीने माहीत आहे. मग कार्ड छापल्यासारखं का निघतं?

तिसरी तक्रार थांबवण्याच्या तारखेची. अँटिबायोटिकपुढे पाच दिवस असं लिहिता, रक्त पातळ व्हायच्या गोळीपुढे तारीख लिहिता, या गोळीपुढे "दुखल्यास". ज्याचा गुडघा कापलाय त्याला दुखणारच की हो, महिनाभर दुखणार. आणि त्या "दुखल्यास"वर मेडिकलवाला वर्षभर माल देऊ शकतो. खरं तर ही शेड्यूल एच-वन मधली गोळी, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पेशंटचं, डॉक्टरांचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं असा नियम आहे. आमच्या 31 पट्ट्या कुठल्या रजिस्टरात आहेत ते मला बघायचंय. आपल्या जिल्ह्यात 2024 ला कुपवाड, मग इरळी, 2025 च्या सुरुवातीला विटा, एमडी नावाच्या नशेच्या ड्रगचे साठे आणि कारखाने सापडले तेव्हा केवढी पळापळ झाली, ती व्हायलाच हवी होती. पण आबांसारखा माणूस कुठल्या अड्ड्यावर गेला नव्हता, तो डिस्चार्ज कार्ड घेऊन गेला होता.

चौथी थोडक्यात. घरी सोडल्यावर टाके काढायच्या तारखेपर्यंत कोणी विचारत नाही. टाके बघतात, दुखणं बघत नाहीत, कुठली गोळी किती चालू आहे हे तर नाहीच.

आणि हे वाचून कोणी उलटा अर्थ काढू नये म्हणून आत्ताच सांगते. मी दुखणं सहन करा असं म्हणत नाहीये. बायकांना तर सिझर झाल्यावर, पिशवी काढल्यावर वर्षानुवर्षं तेच ऐकवलं गेलंय, एवढं तर दुखतंच, सगळ्यांनाच दुखतं. ऑपरेशननंतरचं दुखणं नीट दाबलं नाही तर तेच काहींच्या अंगात कायमचं घर करतं, म्हणून दुखणं कमी करणं हा इलाजाचाच भाग आहे. आणि मी या औषधांच्याही विरोधात नाही. माझी चुलती तोंडाच्या कॅन्सरने गेली, शेवटी तिला मॉर्फिन मिळालं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी उताणी झोपू शकली, ते मी बघितलंय. आपल्याकडे एनडीपीएस कायदा 1985 ला आला आणि कागदपत्रांच्या भीतीने हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, 2014 ला कायद्यात दुरुस्ती झाली, तरी आजही ते सहज मिळत नाही. म्हणजे ज्याला खरंच लागतं त्याला मिळत नाही आणि पित्ताशयाच्या चार भोकांना मात्र न मोजता मिळतं. माझ्या पत्राचा धाक घेऊन कोणी कॅन्सरच्या पेशंटचं औषध आखडू नका, एवढी हात जोडून विनंती.

तुमच्या अडचणीही मला एका सर्जननी मोकळेपणाने सांगितल्या. ब्लॉकला वेळ लागतो, थिएटर लिस्ट लांबते. पॅकेजमध्ये त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. लहान हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, एका दिवसात चार ठिकाणी जातात. सोनोग्राफी मशीन थिएटरमध्ये ठेवायचं तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी, त्याचा व्याप मोठा. या शेवटच्या मुद्द्यावर माझं मत स्पष्ट आहे, 2017 ला म्हैसाळमध्ये जी स्त्रीभ्रूणहत्या उघडकीला आली त्यानंतर आपल्या जिल्ह्यात सोनोग्राफीचा कायदा ढिला करा असं कोणी म्हणू नये. पण भूलतज्ज्ञांच्या मशीनची नोंदणी वेळेत आणि सरळ व्हावी ही मागणी तुम्ही संघटनेतर्फे प्रशासनाकडे करू शकता, आम्ही पेशंटचे नातेवाईक सह्या देऊ. आणि मशीन नसेल तिथेही टाके घालताना जखमेच्या कडेला बधिर करणारं औषध भरायला कुठलं मशीन लागतं? ते औषध तर प्रत्येक थिएटरात रोज असतं. जावेला ते भरलं का म्हणून मी विचारलं, कोणाला सांगता आलं नाही, फाईलमध्येही नोंद नव्हती.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ठरवून होणाऱ्या प्रत्येक ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांनी पेशंटला आणि घरच्या एकाला भेटावं, दुखण्यासाठी काय करणार ते मराठीत सांगावं आणि फाईलवर लिहावं. सीमेपलीकडून येणाऱ्यांना कानडीत, कारण मिरजेच्या वॉर्डात निम्मी माणसं अथणी-चिकोडीकडची असतात.

ब्लॉक किंवा जखमेत बधिर करणारं औषध जिथे शक्य तिथे द्यावं, आणि ती सोय नसेल तर नाही असं सांगावं, म्हणजे ज्याला दुसरीकडे जायचंय तो जाईल.

डिस्चार्ज कार्डवर ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल असं काही असेल तर ते वेगळ्या चौकटीत, सुवाच्य अक्षरात, किती गोळ्या ते आकड्यात, कधी थांबवायची ती तारीख, आणि "या कार्डावर पुन्हा देऊ नये" असा शिक्का. शिक्का करायला किती खर्च येतो ते सांगा, मी आणून देते. सोबत हेही लिहा की यात पॅरासिटामॉल आहे, वरून तापाची गोळी घेताना मोजा, कारण हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी हॉस्पिटलातून एक फोन. नर्सनी केला तरी चालेल. दुखणं दहापैकी किती, कुठली गोळी किती चालू, पोट साफ होतंय का. दोन मिनिटं. आणि एखाद्याची गोळी सुटत नसेल तर त्याला ओरडू नका, गुन्हेगारासारखं बघू नका, हळूहळू कमी करायचा तक्ता लिहून द्या.

मेडिकलवाल्यांच्या संघटनेला आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला मी वेगळं पत्र देतेय, रजिस्टर तपासण्यासाठी. पण सुरुवात तुमच्या पेनापासून आहे. चिठ्ठीवर तारीख असेल तर दुकानदाराला नाही म्हणायला आधार मिळतो.

मिरजेत 1894 ला डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून लांबलांबची माणसं इथं बरी व्हायला येतायत, आमच्या आजीला तिच्या आईने बैलगाडीतून आणलं होतं. हा विश्वास अजून आहे, माझाही आहे, म्हणून तर आबांचा दुसरा गुडघाही मी मिरजेतच केला, पुण्याला नेला नाही.

जावेच्या गोळ्या मी पाचव्या दिवशी तिच्या डॉक्टरांना विचारून बंद केल्या, त्यांनीही लगेच हो म्हटलं, म्हणजे गरज नव्हतीच. उरलेल्या तेरा गोळ्या माझ्याकडे पाकिटात आहेत, त्या कुठे जमा करायच्या हे मला दोन मेडिकल आणि एका हॉस्पिटलात कोणी सांगू शकलं नाही. तेही तुम्ही सांगा.

आबांची दोन्ही डिस्चार्ज कार्डं मी लॅमिनेट करून ठेवलीत, मे 2023 चं आणि नोव्हेंबर 2024 चं. तुमच्या संघटनेच्या मीटिंगला बोलवाल तर घेऊन येते, आबाही येतो म्हणालेत, ते आता जिना चढतात.

आपली नम्र,
एका माळकऱ्याची मुलगी
तासगाव तालुका, जि. सांगली